समुद्रावरचा बेंदूर

आपल्या भाषेत स्वस्थ बसणाऱ्या माणसाला फारशी प्रतिष्ठा नाही. त्याच्यासाठी आपण राखून ठेवलेले शब्द पाहावेत : रिकामटेकडा, ऐदी, आळशी, ऐतखाऊ. घरात कोणी भरदुपारी भिंतीला टेकून पाच मिनिटे छताकडे पाहत बसले, की 'बरं वाटत नाही का?' हा प्रश्न ठरलेला. म्हणजे बसायचेच असेल तर माणसाने निदान आजारी तरी असावे, अशी आपली माफक अपेक्षा! उलट 'तिला क्षणाची उसंत नाही' हे वाक्य एखाद्या बाईविषयी आपण बोलतो ते चक्क कौतुकाच्या सुरात. उसंत नसणे हा जणू दागिनाच.

तरीही आपल्या वाडवडिलांना विसाव्याची किंमत कळत नव्हती, असे मात्र म्हणवत नाही. वारीच्या वाटेवर पालखीचे विसावे ठरलेले असतात. माणसाच्या अखेरच्या प्रवासातसुद्धा खांदेकरी वाटेत एकदा तिरडी खाली ठेवतात. त्या जागेलाही विसावाच म्हणतात. नागपंचमीला जमिनीत नांगर घालायचा नाही, घरात चिरायचे-कापायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणजे जमिनीला, विळीला आणि तव्यालाही एक दिवस सुट्टी. आणि आमच्या सांगली-कोल्हापूरकडे आषाढात येतो तो बेंदूर. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला पोळा म्हणतात तोच हा सण. फक्त आमच्याकडे तो लवकर येतो. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करायची. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्याला तूप-हळद लावून चोळायचे. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी खाऊ घालायची. आणि काही झाले तरी त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही.

इतका सगळा विचार करणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीतून एक नाव मात्र राहून गेले. बेंदराच्या दिवशी बैल गोठ्यात निवांत उभा असतो; पण त्याच्यासाठी पुरण वाटणारी बाई पहाटे चार वाजता उठलेली असते. तिचा बेंदूर पंचांगात कुठे दिलेला नाही.

हे मी आज इतक्या ठामपणे लिहिते आहे. पण हा विचार मला सुचला तो आमच्या गावच्या गोठ्यात नव्हे, तर अरबी समुद्रातल्या एका पोवळ्याच्या बेटावर.

माझी आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिक्षिका होती. तिच्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे तिचीही जन्मतारीख शाळेच्या दप्तरात १ जूनच. त्यामुळे ३१ मे २०२२ रोजी ती निवृत्त झाली. निरोपसमारंभात प्रत्येक वक्त्याने 'आता आराम करा, बाई' असे बजावून सांगितले. आईने प्रत्येक वेळी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता वर्षाच्या गव्हाचे पोते गच्चीवर उन्हात घातले. त्यानंतर लोणची झाली, गोधड्या झाल्या, शेजारच्या मुलांची फुकटची शिकवणी सुरू झाली. मामांना हे पाहवेना. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले आणि निवृत्तीचे शास्त्र कोळून प्यालेले. 'हिला घरापासून इतकं लांब न्यायला हवं, की काम शोधूनही सापडायचं नाही,' असे म्हणून त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये लक्षद्वीपची सहल ठरवली. मामा, मामी, आई आणि मी. कोचीहून जहाजाने निघायचे, रात्री जहाजावर झोपायचे, दिवसा एखाद्या बेटावर उतरायचे आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर परतायचे, असा तो बेत होता. त्यातला कल्पेनी बेटावरचा एक दिवस मला विसरता येत नाही.

लक्षद्वीप म्हणजे लाख बेटे. पण नावातल्या लाखाचा प्रत्यक्षात पत्ता नाही. मोजायला गेले तर बेटे छत्तीस सांगतात आणि वस्ती त्यांतल्या दहांवर. सगळी बेटे एकत्र केली तरी जमीन ३२ चौरस किलोमीटर. आमच्याकडच्या दोन-तीन खेड्यांच्या शिवारात मावेल एवढीच. २०११ च्या जनगणनेत एवढ्या जमिनीवर ६४,४७३ माणसे होती. १९५६ मध्ये हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७३ मध्ये त्याला लक्षद्वीप हे नाव मिळाले. आपल्याच देशात असूनही तिथे पाऊल ठेवायला परवाना लागतो. तो हातात पडला, तेव्हा आईने तो एखाद्या प्रगतिपुस्तकासारखा दोनदा वाचला आणि जपून पर्समध्ये ठेवला.

पहाटे जाग आली तेव्हा जहाज थांबले होते. खिडकीतून पाहिले तर बेट अजून लांबच. जहाज पुढे का जात नाही, असे विचारल्यावर खलाशाने समोर बोट दाखवले. समुद्राच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटत होती, पुसत होती, पुन्हा उमटत होती. ती पोवळ्यांची रांग. तिच्या अलीकडे समुद्र काळसर निळा, खोल आणि उसळता. पलीकडे फिकट हिरवा आणि ताटातल्या पाण्यासारखा शांत. जहाजाला त्या उथळ पाण्यात जाता येत नाही. म्हणून जहाजाच्या कुशीतल्या दारातून एकेकाला लहान होडीत उतरवतात. लाटेबरोबर होडी वर येते त्या नेमक्या क्षणी पाऊल टाकायचे. आईला दोघा खलाशांनी दंडाला धरून अलगद होडीत ठेवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, 'चौतीस वर्षांत एसटीत कुणी असं चढवलं नाही गं मला!'

धक्क्यावर आमचे स्वागत शहाळ्यांनी झाले. तिथून कूमेल नावाच्या किनाऱ्यावर नेले. पर्यटकांची सोय तिथेच आहे : झावळ्यांनी शाकारलेल्या काही शेड, कपडे बदलायच्या खोल्या, वल्हवायच्या छोट्या नावा, आणि समोर पसरलेला तो हिरवा जलाशय. पलीकडे तिलाक्कम आणि पिट्टी ही निर्मनुष्य बेटे पाण्यावर ठेवल्यासारखी दिसत होती. कल्पेनी स्वतः जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचे. दारूबंदी असल्यामुळे सहलीच्या जागांवर हमखास ऐकू येणारा धिंगाणा तिथे नव्हता. वारा, माडांची सळसळ, आणि खूप लांबून येणारा त्या पांढऱ्या रेघेचा घुमारा. इतकेच काय ते आवाज.

मामांनी चप्पल काढली, वर्तमानपत्र तोंडावर घेतले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. मामी पाण्यात शिरल्या. आई मात्र शेडच्या खांबाशी उभीच.

'इथं करायचं काय?' तिने मला विचारले.

'काही नाही करायचं. बसायचं.'

'ते कळलं. पण बसून काय करायचं?'

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आईने स्वतःच ते शोधले. तिने आधी आम्हा चौघांच्या चपला ओळीने लावल्या. मग टॉवेल झटकून घड्या घातल्या. मग मंडळींनी पिऊन टाकलेली शहाळी गोळा करून एका जागी रचली. 'वन्सं, या की पाण्यात!' असे मामी ओरडत होत्या आणि आई 'आले हं, वहिनी' म्हणत पुढचे काम शोधत होती. मामांचा हिशेब साफ चुकला होता. काम शोधणाऱ्याला ते बेटावरही सापडते.

शेडच्या मागे एक साठीच्या आसपासची बाई वाळू झाडत होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात माडाच्या हिरांचा खराटा. अगदी आपल्या अंगणातला असतो तसाच. तो ओळखीचा खराटा पाहून आईला राहवले नाही. भिंतीला टेकून ठेवलेला दुसरा खराटा तिने उचलला आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन झाडू लागली. त्या बाईने मान वर करून पाहिले. क्षणभर ती नुसती पाहतच राहिली. मग खळखळून हसली. तिने येऊन आईच्या हातातला खराटा काढून घेतला, आईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला दाबून माडाच्या एका आडव्या ओंडक्यावर बसवले. 'इरिक्कू, इरिक्कू,' ती म्हणाली. तिची मलयाळम आम्हाला येत नव्हती आणि आमची मराठी तिला; पण खांद्यावरच्या त्या दोन हातांचे भाषांतर करायची गरज नव्हती. बसा.

आई बसली. आईला कोणी 'बसा' म्हटलेले मी पुष्कळदा ऐकले आहे. पाहुणे म्हणतात, मुख्याध्यापक म्हणत, आम्ही मुलेही म्हणतो. आणि म्हणता म्हणता चहाची वाट पाहत आपणच बसतो. हातातले काम काढून घेऊन कोणी तिला बसवले, हे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. ती बाई पुन्हा झाडू लागली. आई तिच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने मला म्हणाली, 'आपण बसायला आलो म्हणून हिला झाडावं लागतंय. आणि वर हीच मला बसवतेय.'

पुढे आई पाण्यातही उतरली. त्या उथळ, कोमट पाण्यात ती अंगावरच्या कपड्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात बसली आणि दोन्ही तळहात पाण्यावर उपडे ठेवून राहिली. नखाएवढे मासे तिच्या बोटांभोवती फिरत होते. 'पाणी हलतच नाही गं,' ती म्हणाली. कृष्णाकाठी वाढलेल्या बाईला न हलणाऱ्या पाण्याचे नवल वाटणारच. आम्ही पाणी हललेले फार पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आईच्या शाळेची तळमजल्यावरची सगळी कपाटे भिजली होती. तेव्हापासून पाणी दिसले, की ते किती वाढेल याचा अंदाज घ्यायची तिला सवयच लागली आहे.

म्हणूनच काचेच्या तळाच्या होडीतून आम्ही निघालो, तेव्हा तिने होडीवाल्याला पहिला प्रश्न विचारला तोही तोच. त्याला हिंदी बरी येत होती.

'भाई, तुमचं बेट समुद्रापासून किती उंच?'

'माणूसभर. काही ठिकाणी दोन माणसं.'

'मग पाणी वाढलं तर जाता कुठं? डोंगर तर दिसत नाही.'

'डोंगर नाही, नदी नाही, काहीच नाही,' तो हसत म्हणाला आणि वल्ह्याने लांबची ती पांढरी रेघ दाखवली. 'ती भिंत आहे ना, बाई. ती उभी आहे म्हणून तुम्ही इथे बसलात.'

मी त्या रेघेकडे नव्याने पाहिले. सकाळपासून जिचा घुमारा आम्हाला गोड वाटत होता, ती खरे तर मार खात होती. आमच्या पाण्याचा आरसा हलू नये म्हणून महासागराची प्रत्येक लाट ती अंगावर घेत होती. परतल्यावर मी याविषयी वाचले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या पोवळ्यांच्या रांगांची मोजमापे एकत्र केली होती. या रांगा लाटांची सरासरी ९७ टक्के शक्ती शोषून घेतात, असा त्याचा निष्कर्ष. किनाऱ्यावर आमच्या पायाशी येऊन लाडिकपणे फुटत होत्या त्या लाटा म्हणजे उरलेले तीन टक्के!

होडीच्या काचेखालून एक निराळेच गाव सरकत होते. कुठे हरणाच्या शिंगांसारखी फांद्यांची पोवळी, कुठे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे. पोवळे म्हटले की आपल्याला अंगठीतला तांबडा खडा आठवतो. इथली पोवळी निराळी, तपकिरी, पिवळसर, जांभळी. प्रत्येक फांदी म्हणजे हजारो चिमुकल्या जिवांची चाळ. हे जीव आपल्या अंगात सूक्ष्म शैवल भाडेकरू म्हणून ठेवतात. शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि भाडे म्हणून त्यातला मोठा वाटा मालकाला देते. त्या अन्नावर हे जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. एक पिढी मरते, तिच्या घरावर दुसरी आपले घर बांधते. प्रवाळबेटे कशी बनतात याचे कोडे चार्ल्स डार्विनने १८४२ च्या आपल्या ग्रंथात उलगडले होते. जुना ज्वालामुखी हळूहळू समुद्रात खचत जातो आणि त्याच्या कडेची पोवळी वर वर बांधत राहतात. डोंगर बुडतो, पोवळ्यांचे कडे तेवढे उरते. थांबायची त्यांना सोय नाही. डोंगर बुडत असताना बांधकाम थांबवले तर तेही बुडायचे.

'आणि ही वाळू?' आईने विचारले.

होडीवाल्याने काचेखालचा एक निळा-हिरवा मासा दाखवला. त्याचे तोंड पोपटाच्या चोचीसारखे होते आणि तो मेलेले पोवळे कुरतडत होता. त्यावरचे शैवल खाताना तो दगडही चावतो, त्याचे पीठ करतो आणि मागून सोडून देतो. बेटावरची बरीचशी पांढरीशुभ्र वाळू अशी तयार होते. ज्या वाळूवर मामा घोरत होते ती कितीतरी माशांच्या पोटांतून येऊन पडली होती! मामींनी हे ऐकून पाय वर घेतले. आई मात्र गंभीर झाली. 'म्हणजे इथं कुणीच रिकामं बसत नाही,' ती म्हणाली.

काही ठिकाणी काचेखाली रंग नव्हता. करड्या, तुटक्या फांद्यांचा नुसता खच पडला होता. होडीवाल्याने तिथे होडी थांबवली नाही. 'हे गरमीत गेलं,' एवढेच तो म्हणाला.

जेवणात भात, ट्यूनाचे कालवण, आणि प्रत्येक पदार्थात नारळ. शेवटी वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेला गूळ-खोबऱ्याचा लाडू. आईने तो उलगडून, चव घेऊन कृती ओळखली आणि त्या आनंदात आणखी एक घेतला. जेवणानंतर शेडखाली चटई टाकली. पाहते तो आई झोपलेली!

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण मी आईला दुपारी झोपलेली त्याआधी पाहिलेलीच नव्हती. ती झोपली होती एका कुशीवर, हात उशाला घेऊन, लहान मुलीसारखी. तिचा वर आलेला उजवा खांदा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. तो डाव्यापेक्षा खाली उतरलेला आहे. पर्स, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, तपासायच्या वह्यांची पिशवी. चौतीस वर्षे एकाच खांद्यावर. ब्लाउजच्या काठाशी पिशवीच्या बंदाने पडलेला एक काळपट पट्टा होता. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा मला लहानपणापासून ठाऊक होता. त्याला तूप-हळद लावायला मी आजोबांच्या मागे धावत जायची. हा घट्टा मात्र रोज डोळ्यांसमोर असून दिसला नव्हता. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असे फार वाटले. ठेवला नाही. झोप मोडली असती.

तास-दीड तासाने ती उठली, तेव्हा आम्हाला बेटाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर नेले. तिथे वाळू नाही. पोवळ्यांच्या दगडांचा मोठा बांध आहे. १८४७ साली प्रचंड वादळ झाले, तेव्हा समुद्राने ते दगड उचलून किनाऱ्यावर आणून टाकले. पावणेदोनशे वर्षे ते तिथेच आहेत. सकाळचा तो आरसा आणि हा बांध एकाच बेटाच्या दोन बाजू. आई त्या दगडांवरून हात फिरवत म्हणाली, 'म्हणजे भिंतीलाही कधी कधी झेपत नाही.'

निघताना कूमेलच्या किनाऱ्यावर ती खराटेवाली बाई पुन्हा दिसली. आता ती आमच्या मुक्कामाच्या खुणा झाडत होती. आईने तिच्याजवळ जाऊन तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि त्या ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'इरिक्कू.' ती बाई इतकी हसली की तिला खरेच बसावे लागले. दोघी दोन-तीन मिनिटे शेजारी शेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत. मग होडीचा भोंगा वाजला.

सहल संपली, आम्ही सांगलीला आलो. आई पुन्हा कामाला लागली. ती बदलली असे खोटे कशाला लिहू? पण घरात दोन गोष्टी नव्या झाल्या. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तिने रविवारची पगारी सुट्टी दिली. आणि रविवारची भांडी? ती मी आणि बाबा घासतो. ही वाटणी आईनेच केली. कागदावर वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवले. शेवटी शिक्षिकाच ती! दुपारी दोन ते तीन या रकान्यात तिने स्वतःच्या नावापुढे लिहिले आहे : 'इरिक्कू'.

दुसरी गोष्ट, ती लक्षद्वीपच्या बातम्या वाचू लागली. होडीवाल्याच्या 'हे गरमीत गेलं' या वाक्याचा अर्थ त्यातून हळूहळू कळत गेला. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशाने जास्त तापले आणि आठवड्यामागून आठवडे तसेच राहिले, की पोवळी आपले शैवल-भाडेकरू बाहेर टाकतात. रंग जातो, अन्न जाते. हाडासारखी पांढरी पोवळी तेवढी उरतात. ती लगेच मरत नाहीत. पाणी वेळेवर निवले तर शैवल परत येते, पोवळी सावरतात आणि मोडलेली वस्ती पुन्हा उभी राहते. पण त्यासाठी मधे थंड वर्षे जावी लागतात. लक्षद्वीपच्या समुद्रात असा ताप १९९८ मध्ये आला, मग २०१० मध्ये, मग २०१६ मध्ये. आम्ही गेलो त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पाणी पुन्हा तापू लागले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. काचेखालचे ते रंगीत गाव त्यानंतर कितपत उरले असेल, याचा विचार मी फारसा करत नाही. अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे १९९८ ते २०२२ या काळात तिथली जिवंत पोवळी जवळजवळ निम्म्यावर आली आहेत.

आणि बेटे? बंगारम बेटाजवळ परळी नावाचे एक निर्मनुष्य बेट होते. १९६८ साली ते ०.०३२ चौरस किलोमीटरचे होते. म्हणजे सुमारे आठ एकर. २०१७ मध्ये एका संशोधकाने ताळा घेतला तेव्हा किनारा झिजून झिजून ते पुरते नाहीसे झालेले होते. आठ एकर म्हणजे आमच्याकडे एका बऱ्यापैकी खात्यापित्या घराची जमीन. म्हणूनच छत्तीस बेटांचा आकडा लिहिताना मी 'सांगतात' असे लिहिले.

एका संध्याकाळी आईने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने वजाबाकी मांडली. १९९८ पासून २०१० पर्यंत बारा वर्षे. २०१० पासून २०१६ पर्यंत सहा. २०१६ पासून २०२४ पर्यंत आठ. 'पहिल्यांदा बारा वर्षं उसंत मिळाली होती त्यांना,' ती म्हणाली. 'मग कमी झाली.' पेन्सिल खाली ठेवून ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली.

मी म्हटले, 'पण आई, पोवळ्यांना उसंत द्यायची म्हणजे कुणी द्यायची? समुद्र तापतो तो साऱ्या जगाच्या धुरानं. त्यात आपला धूर केवढासा? आणि पोवळी काही मागायला येत नाहीत.'

आईने चष्मा पुसला आणि वर्गात एखाद्या मंद मुलाला समजावावे तशा शांतपणे म्हणाली, 'बैल तरी कुठं मागायला आला होता? आपल्या लोकांनी त्याचा खांदा बघितला आणि बेंदूर ठरवला.'